सोमवारच्या पिशव्या

२३ जुलै, बुधवार

चोवीस वर्षं रक्तपेढीत काढली, कधी वही लिहावी असं वाटलं नाही. आता वाटतंय, कारण उद्या कुणी विचारलंच तर माझ्याकडे तारीखवार लिहिलेलं असावं. घरी नेणार नाही. उमा, म्हणजे आमची सौ., वाचेल आणि पोट धरून हसेल. वही इथेच टेबलाच्या खणात, कुलूप लावून. डबा खाऊन झाला की दहा मिनिटं लिहायचं.

मुद्दा असा. आमच्या जालन्याच्या पेढीत मार्चमध्ये प्लेटलेट काढायचं मशीन आलं. माणसाच्या हातातून रक्त घेतं, गरगर फिरवतं, तांबड्या पेशी एका बाजूला, पिवळं पाणी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधे दुधावरच्या सायीसारखा प्लेटलेटचा पातळ थर. तेवढी साय पिशवीत घ्यायची, बाकीचं माणसाला परत. दीड तासाचं काम. एका पिशवीत तीस हजार कोटी प्लेटलेट याव्या लागतात. आम्ही नुसतं 'तीन' म्हणतो. तीनच्या वर पिशवी पास, खाली नापास.

मशीनचा चार्ज माझ्याकडे. बसवताना कंपनीच्या इंजिनिअरने सगळे आकडे लावून दिले होते, ते मी कार्डावर उतरवून मशीनला चिकटवले. साय नेमकी कुठे सुरू होते ती रेषा ठरवण्याचा एक आकडा असतो. तो सहा. काल संध्याकाळी बघतो तर चार.

मशीनला हात लावणारे आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरी जूनमध्ये कंत्राटावर आलेली तृप्ती. मला भूतबाधेवर विश्वास नाही. तेव्हा संशय कुणावर घ्यायचा हे कुणी सांगायला नको. मी काही बोललो नाही, आकडा परत सहा करून घरी गेलो.

२५ जुलै, शुक्रवार

टेंभुर्णीचे रखमाजी आले, सोबत बायको गिरिजाबाई. त्यांची मुलगी अर्पिता शेजारच्या दवाखान्यात आहे. चौदा वर्षांची. हाडांतला मगज रक्तच तयार करत नाही. धाकट्या भावाचा मगज जुळलाय आणि पुण्याच्या रुग्णालयाने २२ ऑगस्टचा बेड दिलाय. अट एकच, निघायच्या दिवशी तिच्या प्लेटलेट तीस हजारांच्या वर हव्यात. त्याहून कमी असल्या तर वाटेत डोक्यात रक्तस्राव होईल म्हणून इथले डॉक्टर सोडणार नाहीत. हा बेड हुकला तर पुढचा केव्हा, ते कुणी सांगत नाही. आज तिच्या नऊ हजार आहेत.

म्हणजे महिनाभर, दर तीन-चार दिवसांनी एक पिशवी. नात्यातल्या माणसाचं घ्यायचं नाही असं पुण्याहून सांगितलंय, म्हणून रखमाजी गावातली माणसं पाळीपाळीने आणणार. गिरिजाबाईंनी जुन्या जालन्यात खोली घेतलीय, तिथे रांधतात.

मी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. रक्त देणारा माणूस हा पाहुणा. त्याला रिकाम्या पोटी माझ्याकडे पाठवायचं नाही, भरपेट खाऊ घालायचं. उपाशी आला तर मी परत पाठवतो. चोवीस वर्षांत माझ्या खुर्चीवर चक्कर येऊन पडलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, ती उगाच नाही.

"घरचं तूप हाय, साहेब," गिरिजाबाई म्हणाल्या. "शिरा करून आणत जाईन."

"करा. हात आखडू नका," मी म्हणालो. बाई इतक्या खूश झाल्या की मलाही बरं वाटलं.

तृप्ती पलीकडे उभी राहून ऐकत होती. ते लोक गेल्यावर जवळ आली. "सर, ते नाष्ट्याचं जरा…" म्हणाली. मी म्हणालो, चहा अकराला येतो. या मुलीला सारखी भूक लागते.

पहिली पिशवी दुपारी, शिरा खाऊन आलेल्या अप्पाराव नावाच्या माणसाची. तिच्यात आल्या २.४.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. मी राजगिऱ्याच्या लाडवावर. सुरुची मॅडम, म्हणजे आमच्या पेढीच्या डॉक्टर, सोमवारी संभाजीनगरला बैठकीला जातात, त्यामुळे पेढीत आम्ही दोघंच.

रखमाजींच्या शेजारचा भारत आला होता. ताडमाड गडी. गिरिजाबाईंनी डबा उघडला तर म्हणे, पोट भरलंय, काकू. मी दोनदा विचारलं. "बिलकुल भरलंय साहेब, वर जागाच न्हाई." मशीन तृप्तीने लावलं. कुठे अडलं की ते गजर करून ओरडतं, आज एकदाही ओरडलं नाही. दीड तासाने मोजणी केली तर ३.९.

मार्चपासून मला एकदाही ३.९ आलेलं नाही. दीड महिन्यापूर्वी आलेल्या मुलीला येतं, आणि तेही मॅडम नसल्याच्या दिवशी. मी अभिनंदन केलं. तोंडदेखलं करावं लागतं.

३१ जुलै, गुरुवार

आज मी स्वतः बसलो. रामप्रसाद म्हणून टेंभुर्णीचा किराणावाला. माझ्यादेखत दोन वाट्या शिरा खाल्ला, मी तिसरी वाढायला लावली. वाढता वाढता तृप्ती दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

पिशवीत उतरलेलं पिवळं पाणी दुधाळ दिसत होतं. टेंभुर्णीचं तूप लपत नाही. रामप्रसादला दाखवलं, तर गडी फुशारला. साध्या रक्ताच्या पिशवीतसुद्धा मी हे वर्षानुवर्षं बघत आलोय, खात्यापित्या घरची खूण. त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मशीन मात्र चार वेळा ओरडलं. २.३. आणि रोज संध्याकाळी मी सहा करून जातो, तरी सुरू करण्याआधी आकडा पाहिला तर परत चार! मी सहा केला तो केलाच, पण आत आणखी काय काय हलवून ठेवलंय कोण जाणे. माझ्या पाळीला मशीन बिघडलेलं आणि तिच्या पाळीला सुतासारखं सरळ. हे आपोआप होत नसतं.

अर्पिताच्या मंगळवारी सव्वीस हजार झाल्या होत्या. उद्या बघू.

१ ऑगस्ट, शुक्रवार

अकरा हजार.

४ ऑगस्ट, सोमवार

मॅडम संभाजीनगरला. तृप्तीची पाळी. अप्पाराव दुसऱ्यांदा. ३.८.

गिरिजाबाईंचा डबा आजही भरलेला परत गेला. दोन सोमवार झाले बघतोय. ती बाई पहाटे उठून करते आणि हे लोक 'पोट भरलंय' म्हणून हात झटकतात. हल्ली कुणाला पाहुणचाराची किंमत राहिली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

बसून विचार केला. सोमवारीच का? सोमवारी मॅडम नसतात. मॅडम नसतात तेव्हा नमुन्याची मोजणी तृप्ती करते. म्हणजे कागदावर हवा तो आकडा लिहायला रान मोकळं. धागा सापडला.

घरी जेवताना उमाला नुसतं एवढंच म्हणालो की ऑफिसात डाळीत काहीतरी काळं आहे. ती म्हणाली, "तुम्हाला डाळ चुलीवर चढायच्या आधीच काळं दिसतं. मागं दूधवाल्याचं पाणी पकडायला लॅक्टोमीटर आणला होतात, आठवतंय ना?" दूधवाल्याचं दूध चांगलं निघालं होतं, हे खरं आहे. पण प्रत्येक वेळी तसंच होईल असं थोडंच आहे.

अर्पिता आज पंचवीस हजार. दवाखान्यात एकेक दिवस बरा जातो, त्यातला हा धरायचा.

७ ऑगस्ट, गुरुवार

रंगेहाथ पकडली.

तृप्तीची पाळी होती, पण सकाळपासून मी मशीनपाशीच घुटमळत होतो, त्यामुळे आकडा सहाच होता. गावातलाच कुणी एक माणूस, शिरा खाऊन मस्त पहुडलेला. मशीन ओरडलं तशी तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सहाचा चार केला, वर रक्त ओढायचा वेगही कमी केला. मी मागेच उभा होतो.

"काय चाललंय?"

"सर, रेषा दिसत न्हाई त्याला. जरा सरकवून बघून राह्यले."

"कुणाला विचारून?"

तिने त्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या उशाच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या गिरिजाबाईंकडे. शेवटी म्हणाली, "सॉरी सर."

पिशवी ३.० भरली. काठावर पास. पण अशा चोरीच्या मार्गाने पास झालेलं मला मान्य नाही. संध्याकाळी आकडा सहा.

११ ऑगस्ट, सोमवार

आज सापळा लावला होता. भारत दुसऱ्यांदा आला, तृप्तीने पिशवी काढली, मोजणी केली, ४.० लिहिलं. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी तोच नमुना पुन्हा मोजणीला लावला.

४.० च आले.

क्षणभर गोंधळलो. मग लक्षात आलं, मोजणी खरी असेल तर लबाडी आधीच झालेली असणार. मशीनमध्ये माणसाचं वजन जास्त टाकलं की ते जास्त रक्त ओढतं. माणसाच्या जिवाशी खेळ! तिने भारतचं चौऱ्याहत्तर किलो टाकलं होतं. मी त्याला बाजूला नेऊन काट्यावर उभं केलं. चौऱ्याहत्तर. मग काट्याचाच संशय आला म्हणून स्वतः उभा राहिलो. अडुसष्ट, घरच्या काट्यासारखंच. घरचा काटाही एकदा बघून घ्यावा लागेल.

अर्पिताने परवा भावाला राखी बांधली असं रखमाजी सांगत होते. जिच्या अंगातला मगज बदलायचाय ती भावाला म्हणाली म्हणे, ओवाळणी नको, तुझा मगज मिळणार आहेच. हुशार आहे पोर.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमकडे लेखी तक्रार दिली. एक अक्षर खोटं नाही. सदर कर्मचारी विनापरवानगी मशीनचे आकडे बदलते, माझ्यासमोर बदलले, आणि मॅडमच्या अनुपस्थितीत सोमवारीच निकाल संशयास्पद चांगले येतात.

मॅडमनी दोनदा वाचलं. "मार्तंडराव, पिशव्या चांगल्या येतात ही तक्रार आहे का?"

"कशा येतात, ही तक्रार आहे."

त्यांनी तृप्तीला बोलावलं. आकडे बदललेस का? हो मॅडम. परवानगी घेतलीस? नाही मॅडम. का बदललेस? तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावर मॅडम तरी काय करणार. चौकशी होईपर्यंत तिला मशीनवरून काढून बाहेरगावच्या शिबिरांवर पाठवलं. सप्टेंबरात तिचं कंत्राट संपतं, हा कागद फायलीत राहील.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. निघताना ती मला म्हणाली, "सर, अर्पिताच्या पिशवीला जपा." मला हे बोलणं आगाऊपणाचं वाटलं. आज सत्तावीस हजार आहेत तिच्या. कुणाच्या सांगण्यावरून जपायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आता मशीन पूर्ण माझ्या ताब्यात. आकडे कार्डाप्रमाणे एकूण एक तपासले. रेषा सहा, वेग बरोबर, रक्त न गोठण्याच्या औषधाचं प्रमाण बरोबर. रामप्रसाद आला, व्यवस्थित खाऊन आला, गिरिजाबाईंनी वरून तुपाची धार सोडलेली मी स्वतः पाहिली. कुठे कसूर म्हणून ठेवली नाही.

सात वेळा ओरडलं. शेवटी आपणहून थांबलं. २.१.

दीड महिना छेडछाड झालेलं मशीन एका दिवसात सरळ होत नाही, असं मॅडमना सांगितलं. त्यांनी २.१ चा आकडा स्वतः उतरवून घेतला.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल सुट्टीच्या दिवशी अर्पिताच्या नाकातून रक्त सुरू झालं ते आज दुपारी थांबलं. हिरड्यांतूनही. आठ हजार. संभाजीनगरहून एक पिशवी मागवून लावली तेव्हा कुठे आवरलं.

रखमाजी सकाळी येऊन समोर बसले. "साहेब, मागं ताई होत्या तवा बराबर चाललं होतं. ताई कुठं गेल्या?"

"कामावर गेल्यात, शिबिराला."

"हितं काम न्हाई का मंग?"

मी उठलो. त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. पोरगी कापसाचे बोळे नाकात घालून पडली होती, चादरीवर डाग. मला बघून म्हणाली, "काका, माझं मशीन बिघडलंय का?"

माझं मशीन म्हणाली. मी म्हणालो, होईल दुरुस्त. बाहेर आल्यावर मला भीती वाटली, हे लिहून ठेवतो. चोवीस वर्षांत अशी कधी वाटली नव्हती. सहा दिवस उरलेत.

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडम संभाजीनगरला. तृप्ती जांब समर्थच्या शिबिरात. खोलीत मी आणि भारत, तिसरं कुणी नाही. आकडा सहा. मीच सुई लावली, मीच बटण दाबलं, मीच मोजलं.

मशीन एकदाही ओरडलं नाही. ४.१. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

आता संशय कुणावर घ्यायचा? इतक्या लांबून तृप्ती काही करू शकत नाही. मॅडम नसण्याचा संबंध नाही, कारण मी काहीच खोटं केलेलं नाही. पिशवी उजेडात धरली. पाणी स्वच्छ पिवळं, पलीकडचं कॅलेंडर वाचता येईल असं. कॅलेंडरवर सोमवार होता.

"भारत," मी म्हणालो, "सकाळी काय खाल्लंस?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "खरं सांगू का, साहेब? रागवू नका. श्रावणी सोमवार हाय. दोन केळं अन् चहा. उपाशी माणसाला तुम्ही परत धाडता म्हणून पोट भरलंय म्हणलो. अप्पारावबी तसंच म्हणला व्हता."

मी रागावलो नाही. माझा स्वतःचाही उपवासच होता की.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पेढीत प्रत्येक रक्तदात्याची एक नळी आम्ही सात दिवस फ्रिजमध्ये जपून ठेवतो. सकाळी दोन काढल्या आणि शेजारी उभ्या केल्या. गुरुवारची रामप्रसादची, वर पांढरंफटक, ताकासारखं. कालची भारतची, लखलखीत.

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, मशीन उजेड पाडून रेषा शोधतं. तुपकट खाल्लेल्या माणसाच्या पाण्यातून उजेड पार होत नाही, मग ते गोंधळतं आणि साय सोडून देतं. आदल्या दिवसापासून तेल-तूप बंद ठेवायचं. ट्रेनिंगमध्ये अर्धा तास यावरच बोललो होतो मी."

तो अर्धा तास मी खोलीत नव्हतो. त्याच्यासाठीच जेवण सांगायला गेलो होतो. परगावचा माणूस उपाशी जाऊ नये म्हणून.

रेषा दिसत न्हाई त्याला, असं ती मला तोंडावर म्हणाली होती. मी कुणाला विचारून असं विचारलं, कशामुळे असं विचारलं नाही. मला लाज वाटते आहे. वही कुलपात आहे हे बरंच आहे.

अर्पिता आज चोवीस हजार.

२० ऑगस्ट, बुधवार

रजा टाकून एस.टी.ने जांब समर्थला गेलो. देवळाजवळच्या शाळेत शिबिर होतं. तृप्ती बाकावर बसून पिशव्यांना चिठ्ठ्या लावत होती. मला बघून उठून उभी राहिली, चेहऱ्यावर आता आणखी काय, असं.

मी दोन नळ्यांचं सांगितलं. ती मान हलवत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"जूनमध्येच, माझ्या दुसऱ्याच पिशवीला कळलं, सर. पुस्तकात हाय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा आल्ते बोलायला. एकदा तुम्ही चहाचं सांगितलं, एकदा तुम्ही पाहुण्याला वाढून राह्यले होते." ती चिठ्ठ्या नीट लावत बोलत होती. "आमच्या घरीबी असंच हाय, सर. ताटावर बसलेल्याला उठ म्हणायचं, तेबी तुमच्यादेखत, अन् ती माय समोर उभी. माझ्यानं झालं न्हाई. म्हणलं, आकडा सरकवून भागवावं. थोडं भागतबी होतं."

"मी रोज संध्याकाळी परत सहा करत होतो."

"माहीत हाय. मी रोज सकाळी चार करत होते."

तिने पुढची पिशवी ओढून चिठ्ठी लावली. मग ती म्हणाली, "माझंबी चुकलं. पोरीच्या जिवापुढं मी तुमचा मान बघत बसले."

महिनाभर ती माझा मान सांभाळत होती आणि मी तिच्याविरुद्ध तारखा सांभाळत होतो. माफी मागितली. शाळेच्या व्हरांड्यात, चार माणसांसमोर. तिला अवघडल्यासारखं झालं, पण मागायची होती ती मागितली.

परतताना एकाच गाडीने आलो. मॅडमना दुसरा कागद लिहून दिला. वजन बरोबर, काटा बरोबर, मोजणी बरोबर. दात्यांना तुपाचं खाऊ घालण्याची सूचना माझी, आकडा मागे फिरवणारा मी. मॅडम म्हणाल्या, पहिला कागद फाडता येत नाही, हा त्याच्यावर लावून ठेवते. मशीनचा चार्ज उद्यापासून तृप्तीकडे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेवटची पिशवी. टेंभुर्णीचाच एक नवा गडी, कालपासून तृप्तीच्या हुकमाखाली. रात्रीपासून भाकरी आणि बिनफोडणीचं वरण, बस.

सुई लावण्याआधी रखमाजी आणि गिरिजाबाईंना बाकावर बसवून सगळं सांगितलं. मशीनवर ढकललं असतं तर त्यांना काही कळलं नसतं. पण अर्पिता उद्या कुणाला तरी विचारेलच.

रखमाजींनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी चार खेपा पोरीला पुरं गेलंच न्हाई."

"तीन खेपा कमी गेलं, एक काठावर."

"तुमच्या सांगण्यावरून."

"हो."

"मंग आज तुम्ही मशीनीपाशी येऊ नका, साहेब."

आवाज चढवला नाही त्यांनी. मी बाहेर बाकावर बसलो. दारातून दिसत होतं, रखमाजी पडद्यासमोर ठाण मांडून उभे होते, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून हा कशाचा, हा का बदलला, असं विचारत होते, आणि तृप्ती एकेक समजावून सांगत होती. माझ्यावर कुणी असा पहारा ठेवलेला मला आवडला नसता. आज तो ठेवणंच बरोबर होतं.

गिरिजाबाई माझ्या शेजारीच बसून होत्या. दाराकडे बघत बोलल्या. "तुम्ही खाऊ घाला म्हणले तवा मला लई बरं वाटलं व्हतं. सगळे डॉक्टर काय काय करून राह्यले पोरीसाठी, मला काय येतंय? हे तरी माझ्या हातचं हाय, असं वाटायचं."

त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. आत तृप्तीने आवाज दिला. ४.३.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. तेहेतीस हजार.

सकाळी सातला गाडी दवाखान्याच्या दारात लागली. अर्पिताला खुर्चीवरून आणलं, तोंडाला मास्क, डोळे तेवढे दिसत होते. रखमाजींनी तृप्तीला हात जोडले. माझ्याकडे मान हलवली, तेवढंही पुष्कळ होतं.

गाडीत चढता चढता गिरिजाबाई थांबल्या. "ताई, तिथं पुण्याला मी काय करू? रांधायचं तर तिथं त्यांचंच हाय म्हणतात."

"तुमच्याएवढं काम कुणालाच न्हाई, काकू," तृप्ती म्हणाली. "मगज बदलला की पोरीच्या अंगात ताकद राहत न्हाई, साधा सर्दीचा जंतूबी घातक. दारात बसायचं. हात धुतल्याबिगर कुणाला तिच्याजवळ येऊ द्यायचं न्हाई. सिस्टर असो, मोठा डॉक्टर असो, देवाचा अंगारा घेऊन आलेला पाहुणा असो. म्हणला धुतलेत, तरी समोर धुवायला लावायचे. कुणावर विश्वास ठेवायचा न्हाई. लाजायचं बिलकुल न्हाई."

गिरिजाबाईंनी ते सगळं एकदा स्वतःशी म्हणून घेतलं. मग पदर खोचला.

मी पुढे झालो. काही बोलायचं म्हणून नाही, निघता निघता पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा एवढ्यासाठी. हात अर्ध्यात असताना गिरिजाबाई मधे आल्या.

"साहेब, हात धुतले का?"

नव्हते धुतले. मी आत गेलो आणि साबणाने कोपरापर्यंत धुतले. बाहेर आलो तेव्हा ड्रायव्हर घाई करत होता, पण गिरिजाबाईंनी गाडी थांबवून ठेवली होती.